बसून बसून बसलेली

बॅटरीच्या दुकानातल्या बाकावर शिक्षिका आपल्या स्कूटरची वाट पाहत बसली होती. शेजारी एक वयस्क नवराबायको दबक्या आवाजात भांडत होते, आणि कानांना काही झाकण नसतं.

“मेकॅनिक काय म्हणाला, ऐकलंत ना? बॅटरी बसून बसून बसली.”

“बसेल कशी? दर रविवारी पाच मिनिटं चालू करतो मी गाडी.”

“आणि लगेच बंद करता. सुरू करताना जेवढी उतरते, तेवढीसुद्धा पाच मिनिटांत भरून येत नाही म्हणे. वर इंजिन बंद करून आत रेडिओ ऐकत बसता.”

“घरात तू ऐकू देतेस का?”

“माझ्यावर ढकलू नका. आठवड्यातून एकदा चांगली लांब फिरवून आणा म्हणाला, तर कशी मुंडी हलवलीत.”

“मग? त्याला कळतं त्यातलं.”

“आणि मी इतकी वर्षं काय म्हणतेय? जरा बाहेर पडू या, ताईकडे जाऊ, तळ्यावर जाऊ. तेव्हा तुम्हाला ट्रॅफिक आठवतं, गुडघा आठवतो. गाडी पुसताना नाही दुखत तो गुडघा.”

“बरं बाई, चुकलं माझं. या रविवारी जाऊ. कुठे जायचं, तू सांग.”

“मला कशाला विचारता? बॅटरीला विचारा. फिरायला तिला नेताय.”