आबांना ऐकायचं होतं ते गाणं

अरे, व्हिडिओ अडकला म्हणून घाम फुटलेला मला एकदाच. माझ्या वडिलांना, आबांना, रोह्यात ऑपरेशनला नेत होते. म्हणाले, "तुझ्या हळदीत आईने म्हटलेलं गाणं लाव." आई गेलेली, तिचे व्हिडिओ पेणच्या घरी, कॉम्प्युटरवर. तो कॉम्प्युटर घरच्या नेटवरून माझ्या मोबाईलला जोडलेला. मोबाईलवर लावला, तर दोन शब्द ऐकू आले आणि थांबला.

पेणला बायकोला फोन केला. "नेट चालू हाय ना गो?"

"व्हय, चालू हाय."

स्ट्रेचर दारात आलं. नर्स म्हणाली, "चला, डॉक्टर थांबलेत."

व्हिडिओ भारी क्वालिटीचा, घरच्या नेटला झेपत नसणार. मी क्वालिटी एकदम खाली आणली. गाणं सलग सुरू झालं, पण आईचा चेहरा पार पुसट.

"आबा, आई नीट दिसत नाय."

आबांनी डोळे मिटले. "चेहरा पाठ हाय रे मला. आवाज वाढव."