हिरवे हापसे

रोतना : पंखा माझ्याकडे वळव रे थोडा. सकाळपासून नदीकाठची धूळ खातेय मी, आणि वारा खातोय तुझा कॉम्प्युटर.

पिसेथ : तो तापला की बंद पडतो, रोतना मिंग. तुम्ही तापलात की नुसत्या बोलता.

रोतना : मग ही मावशी बोलतेच. प्रेक थ्लोक गावचा सत्तेचाळीस नंबरचा हापसा काढ. ओम सारिनच्या, त्या म्हातारीच्या अंगणातला.

पिसेथ : हा बघा. आर्सेनिक शून्य, रंग हिरवा, पिण्यास योग्य. पाच वर्षांपूर्वी तुम्हीच रंगवलात.

रोतना : म्हातारीच्या तळहातांवर तांदळाएवढ्या गाठी उठल्यात. म्हणून पाणी भरून आणलं. लॅबवाले आत्ता म्हणाले, शून्य पूर्णांक एकतीस.

पिसेथ : शून्य पूर्णांक शून्य पाचच्या वर गेलं की लाल रंग...

रोतना : ते मला नको शिकवूस. तुझ्याकडे शून्य आलं कुठून?

पिसेथ : थांबा. फॉर्म्युल्याला राउंड लावलंय. दोन दशांशांऐवजी... एकही नाही ठेवलेला.

रोतना : माणसांच्या भाषेत सांग.

पिसेथ : अर्ध्याच्या खालचं सगळं शून्य झालंय.

रोतना : या एकाच हापशाचं?

पिसेथ : अकराशे चाळीस हापशांचं. एकेक फॉर्म्युला कोण बदलत बसणार, म्हणून चार ओळींचा मॅक्रो लिहिला, सगळे निवडले आणि बटण दाबलं. जेवायच्या सुट्टीआधी काम झालं होतं. काय शहाणा वाटलो होतो मी मला.

(कार्यालयप्रमुख वुथी मघापासून दारात उभे आहेत.)

वुथी : मी आकड्यांच्या शेपट्या कापायला सांगितल्या होत्या. तू मुंडकी कापलीस.

पिसेथ : अहवाल पानाच्या रुंदीत बसव म्हणालात, साहेब. दशांश नुसते लपवता आले असते. मी आकडाच कापला. आणि रंगाचा रकाना तोच आकडा वाचतो.

रोतना : किती हापसे?

पिसेथ : राउंड काढून बघतो... दोनशे बारा. हिरव्याचे लाल.

वुथी : बरं. सोमवारपासून रंगकाम काढू. जुना रंग उडालाय म्हणून सगळेच नव्याने रंगवतोय, असं गावात सांगायचं.

रोतना : आणि पोरांचं काय? सारिनची नात त्याच पाण्याच्या पेजेवर वाढलीय. तपासायला न्यायला हवं. खरं सांगितल्याशिवाय कोण नेईल?

वुथी : दोनशे बारा अंगणं आहेत, रोतना. कोयते घेऊन येतील लोक.

पिसेथ : माझं नाव सांगा, साहेब. चूक माझी आहे.

वुथी : नाव कुणाचंच नको. लिहायचीच वेळ आली तर कॉम्प्युटरची चूक लिहू. रंगवणाऱ्या बाईला तरी काय कळणार होतं? पाणी काचेसारखं दिसतं.

रोतना : कळलं होतं.

वुथी : काय?

रोतना : रंग देण्याआधी जागेवर कागदाची पट्टी लावून बघतो आम्ही. सत्तेचाळीसची पट्टी आर्सेनिकने तपकिरी झाली होती. पण छापील यादीत शून्य होतं, खाली तुमची सही. आठवी शिकलेली बाई मी, म्हटलं यंत्रापेक्षा मला काय जास्त समजतंय. पट्टी खिशात घातली आणि हिरवा डबा उघडला.

पिसेथ : मिंग, तुमचा विश्वास होता यादीवर. यात तुमचा काय दोष?

रोतना : रंग वाळल्यावर सारिनने हापसून पहिलं भांडं मला दिलं. मी म्हणाले, मला तहान नाही.