साहेबांच्या सहीची वेबसाइट

ग्रंथालयाच्या रांगेत अर्धा तास ताटकळलेल्या प्राध्यापकबाईंच्या पुढे संगणक विभागातले गृहस्थ काउंटरवरच्या ताईंशी हुज्जत घालत होते.

"नवं सॉफ्टवेअर दिलंय ना? टाइप करा, बटण दाबा, सूचना वेबसाइटवर! मग हे कागदांचे फोटो कशाला?"

"टाइपच करते हो. प्रिंट ग्रंथपाल साहेबांकडे नेते. ते लाल पेनानं दुरुस्त्या करून सही ठोकतात."

"मग त्या दुरुस्त्या घालून टाका की."

"सहीनंतर एक अक्षर बदललं तर माझी धडगत नाही. म्हणून कागदाचाच फोटो चढवते."

"अहो, कुणाला वाचता येत नाही तो!"

"तशी तक्रार आली होती. साहेबांनी लगेच तोडगा काढला."

"कोणता?"

"वेबसाइटवरच्या सूचनेची टाइप केलेली स्वच्छ प्रत इथे काउंटरवर मिळते. सरका आता, रांग खोळंबलीय. हं, बाई, तुम्हाला काय हवंय?"

"एक वेबसाइट द्या."