चिठ्ठीखालची ओळ

हसू नका भिया, आठ दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता.

आमचा मुलगा समीर इंग्लंडात घर घेत होता, थोडे पैसे आम्ही दिले. तिथल्या वकिलीणबाईंनी माझ्याकडून चिठ्ठी मागितली, की ही भेट आहे आणि घरावर माझा हक्क नाही. आता मी देवासच्या तहसिलीत तीस वर्षं बाबूगिरी केलेली. कागदाखाली हाताने एक ओळ लिहिल्याशिवाय माझी सहीच होत नाही. लिहून टाकलं, "फक्त गणपतीत दहा दिवस आम्ही दोघं तिथे राहू."

तिसऱ्या दिवशी समीरचा फोन. "बाबा, हे काय लिहिलंत! बँक म्हणते, हा दहा दिवसांचा हक्क कसला? कर्ज अडकलंय. मालक शुक्रवारनंतर दुसऱ्याला घर देणार."

"असं कसं देईल? त्याने जबान दिलीय ना?"

"इथे दोन्हीकडचे कागद होईपर्यंत जबान कोणी धरत नाही, बाबा."

लगेच नवी चिठ्ठी लिहिली. सही होताच हिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

शुक्रवारी कागद झाले, महिन्याने किल्ली मिळाली. समीर खुशीत म्हणाला, "बाबा, गणपतीची तिकिटं काढतो."

मी म्हटलं, "काढ. पण आधी त्या वकिलीणबाईंना विचार, आम्ही आलेलं चालेल का?"