माझे सहा वर्षांचे उपास

मी मूळची रनाळ्याची, ताई. आई दादर ज्वारीची भाकर तव्यावरून काढून हातात द्यायची अन् आम्ही भावंडं ती फुंकत फुंकत अंगणात पळायचो, तो वास अजून येतो मला. मग लग्न होऊन ब्राह्मणपुरीला आले. सासूला सगळे जिजी म्हणायचे. जिजी तोंडानं फटकळ, पण हात मोकळा.

घरात बायांनी शेवटी जेवायचं, उरेल ते. दोन बाळंतपणं झाली, पाळी फार अंगावर जायची, चक्कर यायची, पण कोण बघतं? मग एक दिवस भाकरीचा घास इथं, हे बघा, इथं अडकला, पाणी प्याले तेव्हा उतरला. मग रोजच. आमच्या गल्लीतली एक बाई घशाच्या गाठीनं गेली व्हती, मला वाटलं आपलंही तेच, बोलले तर खरं होईल. म्हणून मी काय केलं, म्हटलं, आज माझा उपास. दुधात केळं कुस्करून प्यायचे, तेवढं उतरायचं. सोमवार झाला, गुरुवार झाला, शनिवार झाला, वर एकादशी. काय सांगू तुम्हाला, बाया माझ्या पाया पडायला लागल्या! जिजी गावभर सांगायची, मन्ही सून देवमाणूस शे. आता मागं कसं फिरायचं, सांगा बरं? सहा वर्षं गेली अशी.

एका एकादशीला साबुदाणाच अडकला. जीव घाबरा झाला, जिजीनं पाठीत बुक्क्या घातल्या तेव्हा घास बाहेर पडला, अन् तिनंच मला शहाद्याला नेलं. डॉक्टरीणबाईनं जीभ पाहिली, गुळगुळीत, नखं पाहिली, मधून खोलगट. विचारलं, माती खाता का? मी लाजले, चुलीची माती मी चोरून खायचे. रक्त अगदीच कमी निघालं. मग घशात दुर्बीण घातली, म्हणाल्या, गाठ नाही, रक्तात लोह कमी पडून अन्ननलिकेत पातळ पडदा आलाय, असं फार थोड्या जणींना होतं. तो पडदा त्यांनी मोकळा केला, गोळ्या दिल्या, लिंबूपाण्यासोबत घ्या, चहासोबत नाही, बरं वाटलं तरी सोडू नका, अन् दरवर्षी घसा दाखवून जा. मग विचारलं, एवढे उपास कोणी सांगितले तुम्हाला? मी जिजीसमोर रडत रडत सगळं बोलून टाकलं.

बसमध्ये मला वाटलं, आता गावात आपली शोभा होणार. घरी आल्यावर तिनं स्वतः भाकर थापली, समोर बसून खायला लावली, म्हणाली, पोरी, माले काबर नही सांगं? मग म्हणाली, देवले बोलेल उपास शेतस, ते मी करसू, तू खाय.

अन् केले हो तिनं. सत्तरीची बाई, सोमवार, गुरुवार, शनिवार, सगळे. मी म्हणायचे, जिजी, ते खोटे व्हते, देवाला ठाऊक शे. ती म्हणायची, देवले ठाऊक शे, गावले नही ना.

दोन वर्षं झाली तिला जाऊन. आता माझी सून आलीये, आम्ही दोघी सगळ्यांसोबतच बसतो, गरम गरम जेवतो. गोळ्या संपल्या, दरवर्षी शहाद्याला जाऊन येते. पण गुरुवारी ताट पुढं आलं की मला भरून येतं. फार उपाशी ठेवलं मी त्या म्हातारीला. आता वर तरी ती पोटभर जेवो.