आठ टिपांचा कटर

शी शी शी... नाव काढू नका त्या कटरचं! तुमास्नी सांगतो, मानूस वांगं घेताना बी उलटंपालटं करून बघतो, आन् आमचे सिद्रामप्पा मालक? कटर घेतला नुसती चकाकी बघून! आवो, पोलाद कापायचं हाय, मेथीची जुडी न्हाय!

आमच्या गावच्या भवानी पेठेत, पुन्याच्या न्हवं, आमचं वर्कशॉप, आन् मी तितं मिलिंग मशीनवर, बारा वर्सं. तर एका कारखान्याचा ठोकळा आला, साचा करायचा, कापडाच्या मागाचे पार्ट दाबून काढायचा. असलं चिवट पोलाद, की आमचा जुना कटर दोन फेऱ्यांत बोथट! काढा, धार लावा, बसवा, परत बोथट... मालक म्हनले, "आता सुट्ट्या दातांचा, टिपा बदलायचा कटर घिऊ. टीप झिजली की दुसरी लावायची." म्हनलं, ब्येस!

आला की कटर विकनारा पुन्याचा साहेब, टाय लावून. "हा दोन इंची, तीन टिपांचा. आणि हा पाच इंची, आठ टिपांचा." झालं! मालकाचे डोळे हे एवढे! "आठ म्हंजे काम बी लई!" मी म्हनलं, "मालक, आपली मशीन तीन हॉर्सची, म्हातारी. तिला फिरंल का हे चाक? आन् टिपा ठिसूळ बीड कापायच्या का पोलाद कापायच्या?" तर म्हनतात, "ए भीमाशंकर, सुम्म बस! टीप म्हंजे टीप!" टीप म्हंजे टीप? पोलाद हाय वो ते, मेथीची जुडी न्हाय! पर न्हाय. साहेबाच्या हाताशी बीड कापायच्या टिपा व्हत्या, त्याच घेतल्या.

दुसऱ्या दिवशी लावला. आगं आई गं... मशीन थडथडाय लागली, पट्टा किंचाळतोय, वरचे पत्रे वाजतायत, आन् फाट्दिशी टीप तुटली, ती माज्या कानाजवळनं जाऊन पत्र्याला भोक! मागनं दुसरी, तिसरी... बंद केली मशीन. ठोकळ्यात दीड सुताचा खड्डा!

मालक वरडले, "घालवलास ठोकळा! कारखान्याला काय तोंड दाखवू?" मी घालवला? मी? माप घेतलं. दोन सूत, म्हंजे पाव इंच, छाटायचंच व्हतं, म्हंजे अर्ध्या सुतानं वाचला. म्हनलं, "ठोकळा वाचतो. पर कटर मी निवडनार. न्हायतर ह्यो घ्या पाना, तुमीच चालवा." बारा वर्सांत पयल्यांदा असं तोंड वर करून बोललो बगा. मालकानं हातानंच 'जा' अशी खूण केली.

सायकल मारत साहेब उतरला व्हता त्या लॉजवर गेलो. साहेब बिचारा म्हनतो, "मशीन कसलं, धातू कोणता, मला विचारूच दिलं नाही हो. मालकांनी थेट आठवर बोट ठेवलं." दोन इंची घेतला, तीन टिपांचा, टिपा पोलाद कापायच्या.

आन् लावला की वो! निळे निळे कीस गुंडाळत पडायले, आवाज बी एकसारखा. दुपारच्या चहाला ठोकळा तयार! मालकानं वरनं हात फिरवला, लई वेळ फिरवला. मला वाटलं, आता दोन शब्द बरे बोलतील...

"व्हय रं, लवकर उरकतंय की! मग रिकामा कशाला बसतूस? ती पलीकडची मशीन बी तूच बघ."

बघतोय. दोन्ही बघतोय.