पुलाला नाव कोणाचं

इतिहासाचा निकाल काळ देतो, असं म्हणतात. परवा तो डोळ्यांच्या दवाखान्यात, माझ्या शेजारच्या बाकावर लागत होता. एक निवृत्त फौजदारांची बायको. दुसरीच्या नवऱ्याला याच फौजदारांनी पूल उडवताना पकडलेलं. दोघांचेही यजमान आत, मोतीबिंदूला.

"पुलाला तुमच्या ह्यांचं नाव देणार म्हणे?"

"हो ना. स्वातंत्र्यसैनिक म्हणून. सरकार बदललं, तेव्हा कुठे लोकांना कळलं."

"आमच्या पदकावर 'दहशतवादी पकडल्याबद्दल' असं कोरलंय. ते आता घासून काढू का?"

"राहू द्या की. शोकेसमध्ये कोण वाचतंय!"

"पण जो उडवायला गेले, त्याच जुन्या पुलाला नाव? पूल वाचवला आमच्यांनी!"

"आमचे देशासाठी गेले होते."

"आणि आमचे काय हवा खायला? कंबरभर पाण्यात दबा धरून बसले होते. गुडघे गेले ते तेव्हापासून."

"त्याचा पगार मिळत होता त्यांना."

"अहो, ह्यांनी पकडलं नसतं, तर तुमच्यांना कुत्र्यानं तरी ओळखलं असतं का?"

"म्हणून तर नामकरणाच्या समारंभात तुम्हाला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीये."

"खुर्ची नको. पाटीवर खाली बारीक अक्षरांत 'पकडणारे' म्हणून ह्यांचं नाव टाका."

"बारीक अक्षरांत माझं टाकायचंय. हे तुरुंगात होते तेव्हा पोरं काय देशानं वाढवली?"

एवढ्यात कंपाउंडर धापा टाकत आला.

"माफ करा, वळसा पडला. जुना पूल कालपासून बंद केलाय. अरुंद आहे म्हणून पाडतायत."